शिन्मेइ वास्तुशैली, कान्हेरीचे चैत्यगृह आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

प्रास्ताविक

मुंबईच्या उपनगरांतील जुन्या गावठाणांमध्ये गेल्या काही दशकांत अनेक देवळांचे जीर्णोद्धार झाले. लाकडी खांब, तुळया आणि कौलारू छप्पर काढून त्यांच्या जागी सिमेंट-काँक्रीटचे मंडप उभे राहिले. या बदलाचे समर्थन करताना सुशिक्षित वर्गातून अनेकदा जपानमधील इसे येथील शिंतो मंदिराचा दाखला दिला जातो. दर वीस वर्षांनी तेथे मंदिर नव्याने बांधतात, मग आपण जुने का कवटाळून बसावे, असा हा युक्तिवाद आहे. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी इसेची शिन्मेइ शैली आणि बोरिवलीजवळील कान्हेरीचे चैत्यगृह यांचा एकत्र विचार केला आहे.

शिन्मेइ शैलीचे स्वरूप

शिन्मेइ ही शिंतो मंदिरवास्तूच्या अतिप्राचीन शैलींपैकी एक होय. तिचे मूळ धान्यकोठारात असावे, असे सामान्यतः मानले जाते. जमिनीपासून उंच उचललेली फरशी, गवताने शाकारलेले दुपाखी छप्पर आणि लांबीच्या बाजूने प्रवेश ही तिची प्रमुख लक्षणे आहेत. खांब दगडी जोत्यावर उभे न करता थेट जमिनीत पुरले जातात. आढ्याचा भार पेलण्यासाठी दोन्ही टोकांना भिंतीबाहेर एकेक स्वतंत्र खांब असतो. छपराच्या टोकांना फुलीसारख्या वर निघालेल्या फळ्यांना ‘चिगी’ आणि आढ्यावर आडव्या ठेवलेल्या ओंडक्यांना ‘कात्सुओगी’ म्हणतात. हिनोकी या वृक्षाचे लाकूड रंग न देता वापरले जाते. जमिनीत पुरलेला खांब कुजणार आणि गवत सडणार, हे बांधणाऱ्यांना ठाऊक असते. नाश हा या शैलीत गृहीतच धरलेला आहे.

इसेच्या अंतर्मंदिराची पहिली नियतकालिक पुनर्बांधणी इ. स. ६९० मध्ये सम्राज्ञी जितो हिच्या काळात झाली, तर बासष्टावी २०१३ मध्ये पार पडली. शेजारी-शेजारी दोन भूखंड राखलेले असून त्यांवर आलटून पालटून मंदिर उभे राहते. नवे मंदिर पूर्ण होऊन देवतेचे स्थलांतर होईपर्यंत जुने उभेच असते. उतरवलेले लाकूडही वाया जात नाही. आढे पेलणाऱ्या खांबांपासून उजी पुलाच्या दोन्ही टोकांची तोरणद्वारे घडवली जातात आणि इतर बरेच लाकूड अन्य मंदिरांना दिले जाते. भविष्यातील लाकडासाठी १९२३ पासून मंदिराच्या स्वतःच्या वनात दोनशे वर्षांचा दृष्टिकोन ठेवून वृक्षसंवर्धन चालू आहे.

कान्हेरी : पाषाणातील काष्ठ

काष्ठवास्तूच्या नश्वरतेचा प्रश्न आपल्याकडेही होता. त्याचे एक उत्तर कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात दिसते. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील, व्यापारी बंधूंच्या दानातून साकारलेले हे चैत्यगृह सुमारे २६ मीटर लांब असून त्यात ३४ स्तंभ आहेत. अर्धवर्तुळाकार छत आणि दर्शनी भागातील चैत्यगवाक्ष हे मूळचे लाकडी इमारतीचे घटक आहेत. छताला एके काळी लाकडी फासळ्या होत्या. आज त्या बसवण्याच्या खाचा तेवढ्या दिसतात. कार्ले येथे मात्र अशा प्राचीन फासळ्या अजून शाबूत आहेत. भाजे येथील स्तंभ तर आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी बांधणीत छपराचा रेटा पेलण्यासाठी असा कल आवश्यक असतो. अखंड कातळात त्याला रचनात्मक प्रयोजन नाही.

फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या लेणीविषयक ग्रंथापासून या साम्याकडे ‘लाकडाचे अनुकरण’ म्हणून पाहिले गेले. हे निरीक्षण अचूक असले तरी अपुरे वाटते. कातळात उतरले ते लाकडी वास्तूचे रूप. लाकूड निवडण्याचे, वाकवण्याचे आणि सांधण्याचे ज्ञान कातळात उतरू शकत नाही. कान्हेरीने आकार सुमारे अठरा शतके टिकवला, परंतु ती लाकडी चैत्यगृहे बांधणारे हात काळाच्या ओघात नाहीसे झाले. इसेत एकही जुना खांब उरलेला नाही, तरीही तो घडवणारे हात आहेत. वीस वर्षांच्या अंतरामुळे एकच सुतार तरुणपणी शिकाऊ म्हणून आणि पुढे जाणता कारागीर म्हणून या कामात सहभागी होऊ शकतो.

मर्यादा आणि आक्षेप

इसेचे आदर्शीकरणही टाळले पाहिजे. यादवी युद्धांच्या काळात ही परंपरा खंडित झाली होती. बहिर्मंदिराची पुनर्बांधणी १४३४ नंतर थेट १५६३ मध्ये आणि अंतर्मंदिराची १४६२ नंतर १५८५ मध्ये झाली. या खंडामुळे तपशिलांत फरक पडले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे ‘तेराशे वर्षे जसेच्या तसे’ हे विधान जपून करावे लागते. परंतु याच उदाहरणातून साखळी तुटण्याची किंमतही कळते.

नवीकरणाची कल्पना भारताला परकी आहे, असेही नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या काष्ठमूर्ती नवकलेवर विधीत बदलल्या जातात. असा विधी अलीकडे १९९६ आणि २०१५ मध्ये झाला. तेथेही योग्य कडुलिंबाचा शोध आणि परंपरागत सेवकांचे घडणकाम विधीचाच भाग असते. १९९४ च्या नारा दस्तऐवजानेही वास्तूची अस्सलता ठरवताना द्रव्याबरोबर परंपरा आणि तंत्र यांना स्थान दिले आहे.

समारोप

या पार्श्वभूमीवर इसेचा दाखला देऊन केलेले काँक्रीटचे समर्थन टिकत नाही. इसेत द्रव्य, सांधे आणि कारागिरी तीच राहते, फक्त लाकूड नवे येते. नवे उभे राहीपर्यंत जुने समोर असते. आपल्याकडे आधी जुने पाडले जाते. प्रस्तुत लेखकाच्या परिसरातील एका देवळाचा लाकडी सभामंडप उतरवला गेला, तेव्हा त्याचे मोजमाप घेतले गेले नाही आणि आराखडाही काढला गेला नाही. तो मंडप पुन्हा बांधायचा म्हटले तरी आता बांधता येणार नाही.

प्रत्येक जुने देऊळ आहे तसेच राखावे, असा येथे आग्रह नाही. वाळवी आणि कोकणपट्टीचा पाऊस या खऱ्या अडचणी आहेत. मात्र उतरवण्यापूर्वी प्रत्येक सांध्याची नोंद व्हावी, शक्य तेथे लाकडाचे काम लाकडातच व्हावे आणि त्या कामावर एखादा तरुण सुतार शिकाऊ म्हणून असावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. उपनगरांतील महाविद्यालयांचे इतिहास विभाग निदान मोजमापाचे आणि नोंदीचे काम विद्यार्थ्यांकरवी हाती घेऊ शकतात. कान्हेरी त्यांच्या उंबरठ्यावर आहे. तेथील रिकाम्या खाचा पाहूनच या कामाला आरंभ करता येईल.