मिझुनो, र्‍यो

मिझुनो, र्‍यो : (१३ जुलै १९६३ – ). जपानी अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा लेखक व खेळरचनाकार. जन्म ओसाका येथे. क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात शिक्षण. हितोशी यासुदाच्या ‘ग्रुप एसएनई’ ह्या लेखक-खेळरचनाकारांच्या मंडळातून तो पुढे आला.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या अमेरिकन खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. संचालक प्रसंग उभे करतो आणि कृतींचे यशापयश फासे ठरवितात. मिझुनोच्या संचालनाखाली रंगलेल्या अशा खेळाचा संवादरूप वृत्तांत *कॉम्प्टिक* ह्या मासिकात १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्याच सामग्रीतून *रोदोसु-तो सेन्की* (म. शी. लोडोस बेटाचा युद्धवृत्तांत) ही सात खंडांची कादंबरीमाला निर्माण झाली (१९८८–९३). तिची नायिका डीडलिट ही दीर्घायुषी, अरण्यवासी एल्फ वंशातील युवती. खेळात ही भूमिका हिरोशी यामामोतो ह्या विज्ञानकथालेखकाने केली होती, ही गोष्ट अनेक वाचकांना आजही गमतीची वाटते.

खेळातून आलेली कथा कादंबरी म्हणून कितपत उभी राहते, हा मिझुनोच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न होय. योद्धा, पुरोहित, मांत्रिक, चोर ही पात्रे प्रथम खेळातील कामांची वाटणी म्हणून येतात. त्यांचे अंतरंग फारसे उलगडत नाही. भाषाही साधी, क्वचित सपाट. तथापि पहिल्या खंडातील करड्या चेटकिणीची, कार्लाची, कल्पना असामान्य आहे. लयाला गेलेल्या जादूच्या साम्राज्यातील ही स्त्री एका शिरोभूषणात टिकून राहिली असून ते धारण करणाऱ्याच्या देहाचा ती ताबा घेते. कोणतीही एक सत्ता, मग ती सज्जनांची का असेना, प्रबळ होऊ नये म्हणून ती युद्धाचे पारडे सतत समतोल ठेवते. खेळ चालू राहावा म्हणून दोन्ही बाजू सावरणाऱ्या संचालकाचेच हे भयावह रूप आहे. पटावर जे कौशल्य, ते माणसांच्या जगात क्रौर्य ठरते, हे मिझुनोला येथे नेमके दिसले आहे. कोणत्याही राजाचा चाकर न होता ‘लोडोसचा सरदार’ म्हणविला जाणारा नायक पार्न हे तिला दिलेले उत्तर. पण ते तिच्याइतके ठसत नाही. पुढील खंडांत लढायांची गर्दी वाढते व हा विचार मागे पडतो.

लोडोसचे जग हे ज्याचा भाग आहे, त्या फोर्सेलिया विश्वावर ‘सोर्ड वर्ल्ड’ (१९८९) हा खेळ आधारलेला आहे. त्याची नियमावली खिशात मावेल अशा स्वस्त पुस्तकाच्या रूपात निघाली. त्यास नेहमीचे षट्फलकी फासे पुरत असल्याने शाळकरी मुलांनाही तो खेळता आला. जपानमध्ये ह्या खेळप्रकाराचा प्रसार होण्यास ह्या सोयीचा मोठा हातभार लागला.

*ग्रानकुरेसुतो सेन्की* (१० खंड, २०१३–१८) मध्ये मिझुनो पुन्हा राज्यसत्ता व अराजक ह्या विषयाकडे वळला; तिची रचना अधिक बांधीव, पण कार्लाच्या तोडीचे पात्र तीत नाही. २०१९ मध्ये त्याने पार्नच्या पश्चातील लोडोसवर नवी कादंबरीमाला सुरू केली. तीत डीडलिट मागे उरलेली आहे.