राक्षस आणि अप्सरा : अणुभयाच्या रूपकांविषयी

राक्षसपट हे समाजाच्या अणुभयाचे प्रतिबिंब होत, हे समीक्षेत आता रूढ झालेले विधान. त्याचा मूलाधार इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' (1954). 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी येथे घेतलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील 23 जणांवर पडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हा चित्रपट प्रदर्शित झाला; त्याचा आरंभही समुद्रात नष्ट होणाऱ्या नौकेनेच होतो. येथे राक्षस केवळ रूपक राहत नाही, तो ताज्या जखमेची खूण ठरतो.

परंतु हा प्रतिबिंबसिद्धान्त शीव कोळीवाड्यातून तपासू लागलो की अपुरा वाटतो. वस्तीच्या नावातच मासेमारीचा पूर्वेतिहास आहे आणि ट्रॉम्बेचा किनारा येथून काही मैलांवर. त्या किनाऱ्यावर 4 ऑगस्ट 1956 रोजी देशातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. तरीही अणुजन्य राक्षसाची परंपरा मराठी चित्रपटात निर्माण झाली नाही. हिंदीतील 'गोगोला' (1966) हाही अपवादच राहिला. मग भय नव्हतेच काय?

उत्तर नामकरणात शोधावे लागते. त्या भट्टीला नेहरूंनी 'अप्सरा' हे नाव दिले. पुढे 1974 च्या पोखरण चाचणीशी हसऱ्या बुद्धाचे नाव जोडले गेले, 1998 च्या चाचण्यांशी 'शक्ती'चे. जपानी चित्रपटाने भयाला देह दिला. आपल्या राज्यसंस्थेने अणुऊर्जेला पुराणातील लावण्य दिले. राक्षसाची जागा अशी आधीच व्यापली गेली. मात्र पुराणातील अप्सरेचे कार्य तपोभंगाचे असते, याचे विस्मरण या नामकरणात गृहीत धरलेले दिसते.

भय नाहीसे झाले नाही; त्याचा आविष्कार बदलला. कोकण किनाऱ्यावर, रत्नागिरी जिल्ह्यात, जैतापूर प्रकल्पाविरुद्ध साखरी नाटे येथील मच्छीमार उभे राहिले, तेव्हा त्यांचा प्रश्न समुद्रात सोडल्या जाणाऱ्या उष्ण पाण्याचा आणि मासळीचा होता. एप्रिल 2011 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा मृत्यू झाला. या भयाची संहिता म्हणजे निवेदन, मोर्चा आणि बंद.

विनाशाचे असे चित्रपट असह्य भय अंगवळणी पाडतात, असे सूझन सोंटॅग यांनी 1965 मध्येच सुचविले होते. राक्षस मरतो, प्रेक्षक घरी परततो. मच्छीमाराच्या भयाला असा तिसरा अंक नसतो. म्हणून राक्षसाच्या अभावावरून भयाचा अभाव अनुमानणारी समीक्षा चुकते. पडद्याइतकेच निवेदनाच्या कागदाकडेही संहिता म्हणून पाहण्याची तिची तयारी हवी.