चाहता आणि सहृदय : क्राफ्टव्हेर्कच्या मैफलीच्या निमित्ताने

१

कलेच्या आस्वादकासाठी मराठी समीक्षेत रसिक, सहृदय, प्रेक्षक, श्रोता, वाचक असे अनेक शब्द रूढ आहेत. या मालिकेत 'चाहता' या शब्दाला स्थान मिळालेले नाही. तो वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्यांतला शब्द मानला जातो. रसिकाजवळ विवेक असतो आणि चाहत्याजवळ केवळ निष्ठा असते. रसिक कलाकृतीकडे पाहतो आणि चाहता कलावंताकडे पाहतो, अशी ही विभागणी आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिची तपासणी करण्याची निकड सहसा भासत नाही.

पॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जाहीर कार्यक्रमांना जाणारा चाहता या विभागणीसमोर एक अडचण उभी करतो. जे संगीत त्याला तोंडपाठ आहे, जे ध्वनिमुद्रणाच्या रूपात अधिक निर्दोष स्थितीत त्याच्या घरीच आहे, तेच ऐकण्यासाठी तो तिकीट काढतो, प्रवास करतो आणि तासन्‌तास उभा राहतो. तो नेमका कशासाठी जातो?

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे की, तो कलावंताच्या प्रत्यक्ष सान्निध्यासाठी जातो. मुद्रणात न सापडणारा श्वास, चूक, उत्स्फूर्त बदल यांचा अनुभव त्याला हवा असतो. ख्यालगायनाच्या मैफलीला हे उत्तर चपखल लागू पडते. कारण तिथे राग परिचित असला तरी त्याचा आजचा विस्तार अपरिचित असतो. परंतु जिथे वादन यंत्राधीन आहे, बदल नाममात्र आहे आणि कलावंत जवळजवळ निश्चल उभा आहे, तिथे हे उत्तर तोकडे पडते. अशा टोकाच्या उदाहरणातच सिद्धान्ताची खरी कसोटी लागत असल्याने येथे क्राफ्टव्हेर्क या जर्मन वाद्यवृंदाचा विचार करावयाचा आहे.

२

राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी १९७० मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे क्राफ्टव्हेर्कची स्थापना केली. 'क्लिंग क्लांग' या स्वतःच्या स्टुडिओत त्यांनी 'आउटोबान' (१९७४), 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस' (१९७७), 'द मॅन-मशीन' (१९७८) आणि 'कॉम्प्युटर वर्ल्ड' (१९८१) हे संच सिद्ध केले. पुढील काळातील हिप-हॉप, टेक्नो आणि बहुतांश नृत्यसंगीत यांचा या संचांशी असलेला ऋणानुबंध आता संगीताच्या इतिहासात सर्वमान्य झाला आहे.

त्यांच्या मैफलीचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. चार माणसे चार मेजांमागे एका रांगेत उभी राहतात. ती फारशी हालत नाहीत, श्रोत्यांशी गप्पा मारीत नाहीत. त्यांचे हात काय करीत आहेत हे श्रोत्यांना नीटसे दिसतही नाही. 'द रोबॉट्स' या गीताच्या वेळी तर माणसांच्या जागी त्यांच्यासारखे दिसणारे पुतळे येतात. हे पुतळे पूर्वी निश्चल होते, नंतर यंत्राने हालणारे झाले. श्नायडर २००८ मध्ये बाहेर पडले आणि २०२० मध्ये निवर्तले. संस्थापकांपैकी एकटे ह्यूटर मंचावर उरले. तरीही चाहत्यांचा ओघ आटला नाही. एप्रिल २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आठ रात्री आठ संच सादर झाले. २०१३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधील टर्बाइन हॉलमध्ये तसाच उपक्रम झाला, तेव्हा तिकीटविक्रीच्या मागणीखाली संग्रहालयाची यंत्रणाच कोलमडली होती. त्रिमितीय दृश्यांसाठी कागदी चष्मे लावून श्रोत्यांनी हे कार्यक्रम पाहिले.

वाल्टर बेंजामिन यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या विख्यात निबंधात असे प्रतिपादन केले की, यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे 'येथे आणि आता' असणे क्षीण होते, तिचे तेजोवलय ओसरते. क्राफ्टव्हेर्कच्या बाबतीत हा क्रम उलटा लागतो. येथे मुद्रण हेच मूळ आहे आणि मैफल ही त्याची प्रत आहे. ज्या कृतीला एकमेव अशी मूळ वस्तूच नव्हती, तिला संग्रहालयात, म्हणजे तेजोवलयाच्या हक्काच्या घरात, जागा मिळते. फिलिप ऑस्लँडर यांनी १९९९ च्या आपल्या 'लाइव्हनेस' या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे 'प्रत्यक्ष' ही कोटीच मुद्रणानंतर जन्मलेली आहे. मुद्रण नव्हते तेव्हा प्रत्यक्षाला निराळे नाव देण्याचे कारणही नव्हते. रॉक संगीतात मैफल ही मुद्रणामागे खराखुरा वादक असल्याची ग्वाही देते, असेही ते म्हणतात. पण क्राफ्टव्हेर्कच्या मंचावर ही ग्वाही देण्यासाठी पुतळा उभा केला जातो. तेव्हा मूळ प्रश्न अधिकच तीव्र होतो.

३

थिओडोर अडोर्नो यांच्यापाशी या प्रश्नाचे कठोर उत्तर तयार आहे. १९३८ च्या निबंधात त्यांनी श्रवणाच्या अधोगतीची मीमांसा केली. बाजारपेठेतील श्रोत्याच्या बाबतीत एखादी रचना आवडणे आणि ती ओळखू येणे यांत फरक उरत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. परिचिताची पुनरावृत्ती आणि तिच्यापासून मिळणारे आश्वासन एवढाच चाहत्याच्या आनंदाचा आशय ठरतो. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. पहिल्या दोन ठोक्यांतच गीत ओळखून उठणारा आरोळ्यांचा कल्लोळ त्याला पुष्टीच देतो.

तथापि 'ओळखणे' ही एकजिनसी क्रिया आहे, हे अडोर्नो यांचे गृहीत तपासून पाहिले पाहिजे. भारतीय परंपरेत स्मृती आणि प्रत्यभिज्ञा यांत भेद केला जातो. पूर्वानुभवाचे केवळ पुनरुज्जीवन ही स्मृती होय. तर पूर्वी जाणलेले आणि आता समोर असलेले यांचा 'तो हाच' असा मेळ घालणारे ज्ञान ही प्रत्यभिज्ञा होय. उत्पलदेवांच्या 'ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिके'च्या अखेरीस आलेला दृष्टान्त या संदर्भात लक्षणीय आहे. नायकाचे गुण ऐकूनच त्याच्यावर अनुरक्त झालेली नायिका. तो समोर येऊन उभा राहिला तरी तो तिला इतर माणसांसारखाच भासतो आणि म्हणून आनंद देत नाही. त्याच्या ठायी ते गुण ओळखले जातात तेव्हाच तिचे हृदय भरून येते. शैव दर्शनातील हा दृष्टान्त जीव आणि ईश्वर यांच्या संबंधात योजला आहे, हे विसरता येत नाही. पण केवळ श्रवणाने जडलेला अनुराग आणि त्यानंतरची भेट ही त्यातली रचना चाहत्याच्या अवस्थेशी जुळते. 'तो हाच' या ज्ञानात 'तो' जुना असला तरी 'हाच' नवा असतो. अडोर्नो यांच्या विवेचनात या 'हाच'ला जागा नाही.

मग क्राफ्टव्हेर्कच्या मैफलीत 'हाच' म्हणजे कोण? नायकाच्या जागी पुतळा उभा असल्याने ओळख व्यक्तीवर स्थिरावू शकत नाही. ती दोन ठिकाणी वळते. घरी कानाने ऐकलेला मंद्र नाद सभागृहात छातीच्या पिंजऱ्यात जाणवतो, म्हणजे तोच ध्वनी शरीराच्या स्तरावर नव्याने ओळखला जातो. आणि हा ध्वनी आजवर आपल्याइतक्याच एकांतात ऐकत आलेली माणसे शेजारी उभी आहेत, ही दुसरी ओळख होय.

४

येथे रससिद्धान्ताच्या अंगाने एक गंभीर आक्षेप संभवतो. अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखांत गुरफटून जाणे. चाहता तर खाजगी आठवणींचे गाठोडे घेऊनच मैफलीला येतो. कोणते गीत कोणत्या वर्षी, कोणत्या खोलीत, कोणाच्या सोबतीने वा विरहात ऐकले, हेच त्याचे भांडवल असते. मग तो सहृदय कसा ठरावा?

या विघ्नावर अभिनवगुप्तांनी सुचविलेला उपाय सहसा दुर्लक्षित राहतो. वाद्ये, गान आणि विचित्र मंडप यांसारख्या रंजक साधनांनी प्रेक्षकाला त्याच्या खाजगी जगातून बाहेर काढावे, असे ते म्हणतात. त्यांच्या मते या साधनांचे सामर्थ्य एवढे, की अहृदयालाही त्यांच्या योगे सहृदयता येते. म्हणजे सहृदयता ही प्रेक्षकाने घरून आणावयाची पात्रताच तेवढी नसून प्रयोगाने घडवावयाची अवस्थाही आहे. या दृष्टीने त्रिमितीय दृश्ये, प्रकाशयोजना आणि अंगावर येणारा नाद यांना केवळ बाजारू दिखावा म्हणून बाजूला सारता येत नाही. चाहता गुरफटलेला येतो, हे खरे. तो तसाच परततो का, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

अभिनवगुप्त आणखी एक पाऊल पुढे जातात. सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन झाली की रसाचा परिपोष अधिक होतो, असे त्यांचे मत आहे. क्राफ्टव्हेर्कच्या १९८१ च्या दौऱ्यातील एक प्रसंग येथे उद्बोधक ठरतो. 'पॉकेट कॅल्क्युलेटर' या गीताच्या वेळी वादक हातात मावणारी छोटी वाद्ये घेऊन मंचाच्या कडेला येत आणि पुढच्या रांगेतील श्रोत्यांना त्यांची बटणे दाबू देत. त्या क्षणी वादक आणि श्रोता यांतील अंतर एका बटणाइतके उरे. चाहत्याला येथे कलावंताचा स्पर्श मिळत नाही. कलावंताचे काम मिळते.

परंतु एकघनतेचा गौरव करताना विसाव्या शतकाचा, त्यातही जर्मनीचा, अनुभव विसरता येणार नाही. एका लयीत हालणारा समूह, एकसारखे गणवेश आणि मंचावरील झोत यांचा वापर त्या देशात कशासाठी झाला, हे सर्वज्ञात आहे. ह्यूटर यांचा जन्म १९४६ चा आणि श्नायडर यांचा १९४७ चा; ही त्या अवशेषांत वाढलेली पिढी होय. लाल सदरा आणि काळा टाय या त्यांच्या एकसारख्या वेशाकडे संशयाने पाहता येते. तेव्हा कोणती एकघनता आस्वादाची आणि कोणती झुंडीची, हा भेद सिद्धान्ताला करता आला पाहिजे. तो न करताच चाहत्याला सहृदयाच्या आसनावर बसविणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

झुंडीला केंद्र लागते. आवाहन करणारा, हात वर करावयास सांगणारा, स्वतःकडे निष्ठा वळवून घेणारा नायक लागतो. पॉप संगीताच्या पुष्कळ मैफलींत असा नायक असतो आणि तेथे अडोर्नो यांचे निदान बव्हंशी खरे ठरते. क्राफ्टव्हेर्कने मात्र ही जागा जाणीवपूर्वक रिकामी ठेवली आहे. श्रोत्याची निष्ठा पुतळ्यापाशी येते आणि परत फिरते. एकघनता साधते, पण ती कोणाच्या हाती दिली जात नाही.

५

नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशाचे दोन प्रकार सांगितले आहेत. स्मित, हास्य, 'साधु' असे उद्गार, वस्त्रे-अंगठ्या फेकणे ही मानुषी सिद्धीची लक्षणे. तर रंगमंडप पूर्ण भरलेला असूनही शब्द नाही, क्षोभ नाही, ही दैवी सिद्धी. चाहत्याचा कल्लोळ अर्थातच पहिल्या प्रकारात मोडतो. तो उणा असेल, पण भरतमुनींनी त्याला सिद्धीच म्हटले आहे, विघ्न नव्हे. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये सौंदर्यशास्त्राचे जे द्विध्रुवात्मक स्वरूप मांडले, त्याच्या आधारे असे म्हणता येईल की, चाहता हा लौकिक आणि अलौकिक या दोन ध्रुवांमध्ये ये-जा करणारा आस्वादक आहे. आपल्या समीक्षेने त्याला पहिल्या ध्रुवावर कायमचा बांधून ठेवला, एवढेच.

याचा अर्थ प्रत्येक चाहता सहृदय ठरतो असा नाही. महागडे तिकीट ही प्रतिष्ठेची खूण मानणारा किंवा संपूर्ण कार्यक्रम भ्रमणध्वनीच्या पडद्यातून पाहणारा श्रोता खाजगी भांडवलात भर घालूनच परततो. त्याच्या बाबतीत विघ्न दूर झालेले नसते. पण हा निर्णय त्या त्या प्रयोगाच्या आणि प्रतीतीच्या परीक्षणातून व्हावयास हवा; 'चाहता' या नावावरून नव्हे.

क्राफ्टव्हेर्कच्या मैफलीचा शेवट या संदर्भात पुन्हा आठवावा. 'म्युझिक नॉन स्टॉप' चालू असताना एकेक वादक आपले छोटे वादन संपवितो, मंचाच्या कडेला येऊन लवून अभिवादन करतो आणि निघून जातो. ह्यूटर सर्वांत शेवटी जातात. श्रोते उभे राहून टाळ्या वाजवीत असतात, मेजे रिकामी असतात आणि संगीत चालूच असते. या टाळ्या कोणासाठी आहेत, याचे उत्तर देऊ शकेल अशी परिभाषा आस्वादमीमांसेने अद्याप घडवावयाची आहे.