'नंबर'ला 'क्रमांक' पुरत नाही

आता 'नंबर' हा शब्द घ्या. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या यादीत त्याच्यासमोर 'क्रमांक' आहे. अर्जावर, पावतीवर तो चालतोही. पण चष्म्याचा क्रमांक वाढत नाही. दोन क्रमांकाचा धंदा कुणी करत नाही. आणि पोरानं षटकार मारला की तोंडून 'एक नंबर!' हेच निघतं.

बरं, इंग्रजीचा सोस म्हणावा, तर आपल्या नगर जिल्ह्यातला शेतकरी भंडारदऱ्याच्या कालव्याला पाणी आलं की म्हणतो, 'आवर्तन सुटलं'. चक्क संस्कृत! ज्याला जो शब्द कामाचा वाटला, तो त्यानं ठेवला.

मला खरा रस आहे तो उसाच्या नंबरात. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, पुढे जिल्हाभर कारखाने झाले. लागवडीची नोंद होते, त्या नोंदीवरून तोडीचा नंबर ठरतो. तो लांबला की उसाला तुरा येतो, वजन घटतं, रान मोकळं व्हायला उशीर होतो. शेतकरी सांगतो, 'अजून नंबर लागला नाही.' हे वाक्य नीट ऐका. पाऊस पडतो तसा नंबर 'लागतो'. लावणारा वाक्यात कुठंच नाही. मागच्याचा ऊस आधी कसा तुटला, तेही नाही. चिटबॉय बांधावर आला तरी त्याला विचारतात, 'आमचा नंबर कधी लागंल?' 'कधी लावता?' असं विचारणारा विरळाच.