कथेविना देह

चंद्रलेखा यांचा जन्म १९२८चा, महाराष्ट्रातल्या वाडा गावचा, कर्मभूमी चेन्नई. १९८५च्या ‘अंगिका’त त्यांनी भरतनाट्यम, कलरीपयट्टू आणि योग एकत्र आणले. याला ‘मिश्रण’ म्हणणे मला पटत नाही. त्यांनी जोडले त्याहून वगळले अधिक: देवकथा, भरजरी साज, लाडिक अभिनय. ‘लीलावती’त (१९८९) भास्कराचार्यांचे गणितच नृत्याचा विषय झाले. ‘शरीर’मध्ये (२००१) धृपदाच्या संथ आलापात केवळ एक स्त्री आणि एक पुरुष. चित्रफीत पाहताना मी, नृत्य न शिकलेला माणूस, आधी कथाच शोधत बसलो. ती सापडेना, तेव्हा पाठीचा कणा दिसू लागला, मांड्यांचा ताण दिसू लागला. कथा काढून घेतली की रंगमंचावरची बाई कुणाची राधा, कुणाची नायिका राहत नाही. देह तिचा स्वतःचा होतो. चंद्रलेखांचे बंड मला इथे दिसते.