निमोचा कोळसा

वणी तालुक्यातल्या उकणी, निलजई या कोळशाच्या गावांचा शेजार ज्याला आहे, त्याला ज्यूल व्हर्नच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’मधलं एक प्रकरण इतरांपेक्षा लवकर उमगेल. पहिल्या भागातलं बारावं. त्यात ना वादळ, ना शार्क. दोन माणसं इंधनाबद्दल बोलत असतात, एवढंच.

‘नॉटिलस’ ही पाणबुडी कशावर चालते, ते तिचा कॅप्टन निमो प्रोफेसर अ‍ॅरोनॅक्सला सांगतो. समुद्राच्या पाण्यात मीठ, मिठात सोडियम. ते काढायचं, पाऱ्यात मिसळायचं आणि बॅटरीत जस्ताच्या जागी वापरायचं. पारा झिजत नाही. सोडियम संपलं तर समुद्र आहेच. इथवर नुसती फुशारकी. मग अ‍ॅरोनॅक्स नेमकं दुखणं धरतो: सोडियम काढायला लागणारी वीज त्यातून मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच भरणार, मग हे जमतं कसं? या एका प्रश्नासाठी व्हर्नच्या बाकी सगळ्या थापा मला माफ आहेत. निमोही टाळाटाळ करत नाही. सोडियम आपण विजेनं नव्हे, कोळशानं काढतो, असं तो सांगून टाकतो. त्या काळी सोडियम खरोखरच सोडा आणि कोळसा भट्टीत तापवून काढत.

त्या कोळशाची खाण दुसऱ्या भागात येते, विझलेल्या ज्वालामुखीखाली, समुद्राच्या तळाशी. भट्टीचा धूर डोंगराच्या तोंडातून निघतो आणि बघणाऱ्याला ज्वालामुखी अजून जागा वाटतो. जमिनीशी नातं तोडलेल्या या माणसाची धुरातून काही सुटका नाही. कादंबरीतला सगळ्यात बोचरा विनोद मला हाच वाटतो, आणि व्हर्न तो हसू न दाखवता करतो.

१८७४-७५च्या ‘मिस्टिरियस आयलंड’मध्ये हाच लेखक इंजिनिअर सायरस स्मिथकडून वदवतो की कोळसा संपल्यावर लोक पाणी जाळतील, म्हणजे पाण्यातून विजेनं वेगळे केलेले हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हे भाकीत सगळीकडे मिरवलं जातं. मला ते फिकं वाटतं, कारण तिथे अ‍ॅरोनॅक्सचा प्रश्न विचारणारं कोणी नाही. पाणी ही हायड्रोजन जळून उरलेली राख. तिचं पुन्हा इंधन करायचं तर वीज कुठून आणायची?

हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळण्याऐवजी त्यांच्यापासून थेट वीज करणारा फ्यूएल सेल विल्यम ग्रोव्ह या शास्त्रज्ञानं १८३९ सालीच मांडला होता. तो पाण्याखाली वापरायचा तर तिथे हवा नाही, म्हणून दोन्ही वायूंची तजवीज सोबत न्यावी लागते. जपानच्या ‘उराशिमा’ या मानवरहित यानानं ती नेली आणि २००५ साली ३१७ किलोमीटर अंतर एका दमात कापलं. आपल्याकडे अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेनं पाणबुडीसाठी फ्यूएल सेलची यंत्रणा विकसित केली. ८ मार्च २०२१ रोजी तिची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. तिच्यात हायड्रोजन टाक्यांत भरून न नेता जागेवरच तयार करतात, तोही सोडियम बोरोहायड्राइडपासून. म्हणजे फिरून सोडियमच! आणि ते बनवायची ऊर्जा किनाऱ्यावरच खर्चावी लागते.

लहानपणी निमो वाचला असेल, तर ते बारावं प्रकरण आता पुन्हा काढा. शार्कच्या घाईत तेव्हा तुम्ही ते गाळलं असण्याचीच शक्यता जास्त.