टिपणाची रीत : म्हाइंभट आणि केशिराज

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने टिपणे कशी काढावीत, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा परीक्षेच्या अंगानेच होतो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले ते १९६२ साली. योगायोग असा की, कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांचे अध्ययनपद्धतीवरील पुस्तकही त्याच वर्षी निघाले. उजवीकडील रुंद भागात व्याख्यानातील मजकूर, डावीकडील अरुंद पट्टीत मागाहून सुचलेले प्रश्न व खूणशब्द, तळाशी स्वतःच्या शब्दांत सारांश, अशी त्यांची मांडणी. ती उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु ऐकलेले टिपावे कसे, हा प्रश्न मराठी गद्याच्या आरंभाशीच निगडित आहे, ही जाणीव मराठीच्या अभ्यासकाला तरी असावयास हवी.

म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली, ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडून मिळविल्या. आठवणी जुळल्या नाहीत तेथे लीळाचरित्राच्या परंपरेने भिन्न पाठ सांगणाऱ्याच्या नावासह राखले. ओढून-ताणून एकवाक्यता साधली नाही. किती विद्यार्थी आपल्या वहीत एवढे करतात?

केशिराजांची रीत निराळी. सूत्रपाठात त्यांनी प्रसंग वगळून केवळ वचन उचलले. पाठांतराला ते सोयीचे खरे. पण वचन कोणास उद्देशून, कोणत्या निमित्ताने निघाले हे दिसेनासे झाले, आणि तो संदर्भ पुरविण्यासाठी पंथात पुढे ‘प्रकरणवश’ रचावे लागले. त्रोटक टिपणाचा दोष याहून स्पष्ट कोठे दिसणार? याच केशिराजांचा दृष्टांतपाठ मात्र टिपणाचा उत्तम नमुना होय. त्यात सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक केशिराजांचे. ऐकलेले कोणते आणि स्वतःचे कोणते, याची सरमिसळ होत नाही.

लेखणी बरी की संगणक, हा वाद त्यामानाने गौण. म्युलर व ओपनहायमर यांनी २०१४ साली लेखणीच्या बाजूने कौल दिला. २०१९ मध्ये इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो तितका स्पष्ट उतरला नाही. शब्दशः उतरवून घेण्याची सवय दोन्ही साधनांनी जडते, आणि ती लावतो वर्गात टिपणे सांगून लिहविणारा अध्यापक. त्याच्या विद्यार्थ्याच्या वहीत सूत्रे पुष्कळ सापडतील. दार्ष्टांतिकासाठी त्याने जागाच सोडलेली नसते.